शिआनमध्ये एकच दिवस हातात असला तर कुठे जावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

मी मूळची नाशिकची, सध्या चीनमध्ये शिआनला मास्टर्स करते. नोव्हेंबरात आई-बाबा येतायत. बीजिंग आणि शांघायची तिकिटं आधीच काढून झाली आहेत, त्यामुळे शिआनच्या वाट्याला एकच पूर्ण दिवस उरतो. इथे येणारा जो तो पहिल्याच दिवशी मातीचे सैनिक, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेली टेराकोटा फौज, बघायला पळतो. माझं मत वेगळं आहे. एकच दिवस असेल तर तो शहरातच, पायी घालवावा. परवाच्या शनिवारी मी रंगीत तालीम म्हणून अख्खा दिवस तशी फिरले. ते लिहिते, मग तुम्ही सांगा काय ठेवू आणि काय गाळू.

सकाळी मेट्रोची दोन नंबरची लाइन पकडून योंगनिंगमन, म्हणजे शहराच्या तटबंदीचा दक्षिण दरवाजा. ही तटबंदी मिंग काळातली, १३७० नंतरच्या दशकातली. घेर जवळपास पावणेचौदा किलोमीटर, उंची बारा मीटर आणि माथ्यावर बारा-चौदा मीटर रुंद रस्ता. तिकीट ५४ युआन, विद्यार्थ्यांना अर्धं. वर सायकल भाड्याने मिळते. विटांची फरसबंदी खडबडीत आहे, पण एका बाजूला जुन्या शहराची करडी कौलं आणि दुसऱ्या बाजूला टॉवर, असं बघत जाताना खडखड जाणवत नाही. खाली खंदकाच्या काठाने बाग आहे. तिथे सकाळी म्हातारी मंडळी जमून छिनछियांग, म्हणजे इकडचं लोकनाट्य-संगीत, गात असतात. आवाज इतका खणखणीत की तटावर सायकल थांबवून ऐकला.

तिथून पायी बेइलिन संग्रहालय, शिलालेखांचं. १०८७ पासून इथे कोरीव शिळा जमवत आलेत. ८३७ साली पूर्ण झालेले कन्फ्यूशियन ग्रंथ ११४ शिळांवर दोन्ही अंगांनी कोरलेले आहेत. पाठांतरात किंवा नकलेत चूक होऊ नये म्हणून प्रमाण प्रतच दगडावर उतरवून ठेवलेली! एका दालनात ठसे घेण्याचं काम चालू होतं. ओला पातळ कागद शिळेवर बसवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत दाबायचा, थोडा सुकला की कापडी बोळ्याने हलक्या हाताने शाई टिपत जायची. खाच पांढरी राहते, बाकी काळं होतं. तो ठक-ठक आवाज आणि शाईचा वास घेत मी तिथेच रेंगाळले.

दुपारी बेल टॉवर आणि ड्रम टॉवरवरून हुई मुसलमानांच्या वस्तीत. मोठ्या रस्त्यावर पर्यटकांची झुंबड असते, मी आतल्या गल्लीत जाऊन यांगरौ पाओमो खाल्लं. यात आधी रिकामा वाडगा आणि घट्ट, जाड भाकरी समोर येते. ती आपण स्वतः हाताने तोडायची, भाकरी कुस्करतो तशी, पण दाणा सोयाबीनएवढा हवा. मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्शात शिजून परत येतो. शेजारच्या आजोबांनी माझ्या वाडग्यातला एक तुकडा उचलला, त्याचे चार केले आणि मान हलवून 'आता बरोबर' अशी खूण केली. पुढचा अर्धा तास मी आणि ते समोरासमोर बसून भाकरी तोडत होतो.

मग मोठी मशीद. परंपरेनुसार ७४२ ची, आजचं बांधकाम मुख्यतः मिंग काळापासूनचं. घुमट नाही, नेहमीसारखा मिनार नाही, एकामागून एक चिनी अंगणं. त्यानंतर श्याओचाय भागातलं दाशिंगशान मंदिर (फुकट आहे, पाचच्या आत जा) आणि संध्याकाळी दायानता, म्हणजे मोठा रानहंस पॅगोडा.

आईचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. सुचवा.

चिंचोके

मस्त लिहिलंयस! वाचनखूण साठवली. फोटो कुठायत? आजोबांचा तरी टाक.

गोदाकाठ

@चिंचोके, आजोबांचा नाही काढला, न विचारता काढणं बरं वाटलं नाही. तटबंदीचे उद्या टाकते, होस्टेलचं नेट आज रडतंय.

औंधकर

गोदाकाठ, लेखन छान, पण मुख्य मुद्द्याला माझा ठाम विरोध. तुझे आई-बाबा परत गेल्यावर नाशकात पहिला प्रश्न येणार, 'सैनिक बघितले का?' तो त्यांनी टाळायचा का?

मी कामानिमित्त शिआनला गेलो आहे. फोटोत बघितलेलं आणि प्रत्यक्षात एक नंबरच्या खड्ड्यापाशी उभं राहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. २३० मीटर लांब, ६२ मीटर रुंद शेड आणि खाली रांगाच रांगा. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, केसांची गाठ वेगळी, मिशांचा पीळ वेगळा. मार्च १९७४ मध्ये शेतकरी विहीर खणत होते, त्यांना हे सापडलं. तीन खड्डे मिळून आठ हजारांच्या आसपास पुतळे असावेत असा अंदाज आहे. बाहेर काढल्यावर हवा लागली की काही मिनिटांत लाखेचा थर आखडून रंग गळून पडायचा, म्हणून खणण्याची घाईच करत नाहीत. आणि खुद्द त्या पहिल्या सम्राटाची, छिन शि-हुआंगची, कबर अजून उघडलेली नाही. सिमा छियान या इतिहासकाराने आत पाऱ्याच्या नद्या असल्याचं लिहिलंय आणि त्या टेकडीच्या मातीत पाऱ्याचं प्रमाण खरोखरच जास्त मिळालंय.

निवृत्त इतिहास शिक्षकाला हे न दाखवता शहरात भाकऱ्या तोडायला बसवणार? बाबांवर अन्याय आहे हा.

शेंगदाणा

औंधकर काकांशी निम्मा सहमत. सैनिक बघायलाच हवेत, पण 'एकच दिवस आणि गुडघेदुखी' हे गणित बघा. नऊ नंबरच्या मेट्रोने हुआछिंगछी, तिथून बस, मग गेटपासून खड्ड्यांपर्यंत भरपूर चाल, तितकीच परत. सकाळी निघालं की दुपारचे तीन कुठेच गेले नाहीत. मी चीनमध्येच वैद्यकीयला आहे (दुसऱ्या शहरात), सुट्टीत मित्रांबरोबर शिआन केलं होतं. सैनिकांच्या दिवशी संध्याकाळी कुणाच्याच अंगात त्राण नव्हतं, दायानताचं कारंजं चुकलं ते चुकलंच.

निळावंती

मला या वादात पडायचं नाही, पण बाबांसाठी एक गोष्ट सांगते. दायानता ही जागा मराठी माणसाने चुकवू नये, त्याचं कारण ह्युएन त्संग.

तो साधारण ६२९ मध्ये छांगआनहून, म्हणजे आजच्या शिआनहून, देशाबाहेर जायला बंदी असताना निघाला. ६४५ मध्ये वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून परतला. ते ग्रंथ आणि मूर्ती आगीपासून सुरक्षित राहाव्यात म्हणून त्याने बादशहाकडे आग्रह धरला आणि ६५२ मध्ये दायानता उभा राहिला. ६६४ मध्ये मरेपर्यंत तो भाषांतर करत होता.

६४१ च्या सुमारास हा माणूस महाराष्ट्रात होता. गादीवर चालुक्य दुसरा पुलकेशी, ज्याने हर्षवर्धनाला दक्षिणेत येऊ दिलं नाही तोच. ह्युएन त्संगने परतल्यावर जे प्रवासवर्णन सांगून लिहवून घेतलं, त्यात आपल्या लोकांबद्दल परिच्छेदच्या परिच्छेद आहेत. माणसं साधी आणि प्रामाणिक, पण मानी. उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात, मग दोघेही चिलखत चढवून भिडतात. शरण आलेल्याला मारत नाहीत. सेनापती हरला तर त्याला शिक्षा न करता बायकांची वस्त्रं पाठवतात. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात, हेही आहे!

पुढे तो राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन करतो. दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत असं लिहितो. अभ्यासक हा विहार म्हणजे अजिंठा मानतात. सोळा नंबरच्या लेण्याच्या पायथ्याशी ते हत्ती आजही आहेत. अजिंठा बघितलेला माणूस दायानतासमोरच्या ह्युएन त्संगच्या पुतळ्यापाशी उभा राहिला तर त्याला काय वाटेल, विचार कर. तुझे बाबा तर हे सगळं मुलांना शिकवत आले असतील.

तिखटमीठ

'आधी कळवून मग भांडण' म्हणजे आमच्या सोसायटीची वार्षिक सभा. चौदा दिवस आधी नोटीस लागते. परंपरा टिकून आहे, ह्युएन त्संगबुवांनी निश्चिंत असावं. :))

औंधकर

निळावंतीताई, मान गये. पण हत्तींना दारू पाजणारे आपण होतो हे वाचून एक मराठी माणूस म्हणून मी जरा विचारात पडलोय.

कोरांटी

निळावंती यांच्या प्रतिसादाला छोटी जोड. आज दिसतो तो पॅगोडा ६५२ चा जसाच्या तसा नाही. पहिला पाच मजली होता आणि मातीच्या गाभ्यामुळे खचला. सम्राज्ञी वु झेतियानच्या काळात, ७०४ च्या सुमारास, नव्याने बांधला. १५५६ च्या भूकंपाने पुन्हा हादरवला. शान्शी प्रांतातला तो भूकंप, नोंदींनुसार सव्वाआठ लाखांहून जास्त माणसं गेली. आता सात मजले, उंची ६४.५ मीटर आणि वर जायला लाकडी जिना. गुडघे दुखणाऱ्या माणसाने अजिबात चढू नये, खालूनच सुंदर दिसतो.

त्यापेक्षा श्याओयानता, लहान रानहंस पॅगोडा, बघा. आवार शांत आहे, जुनी झाडं आहेत, बसायला बाकडी आहेत. तिथे इत्सिंग या चिनी भिक्षूने आणलेले ग्रंथ होते. तो ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघून नालंदेला कित्येक वर्षं राहिला होता. १४८७ च्या भूकंपात पॅगोड्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि १५२१ च्या दुसऱ्या भूकंपात तो तडा मिटला, अशी नोंद आहे. पंधरातले तेरा मजले उरलेत. शिआन संग्रहालय त्याच आवारात आहे.

हळदीकुंकू

गोदाकाठ, शाकाहाराचं मी सांगते, मी बहिणीकडे चीनमध्ये राहून आलेय. आईंसाठी ल्यांगपी हा सगळ्यात चांगला पर्याय. थंड, तांदळाच्या किंवा गव्हाच्या सत्त्वाच्या पट्ट्या, काकडी, मोड, व्हिनेगर आणि वर लाल तिखट तेल. आपल्या जिभेला लगेच आवडतं. रुंद पट्ट्यांचे नूडल्स टोमॅटो घालून मिळतात, पण 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. रस्सा कशाचा आहे तेही विचारायचं, कारण वर मांस न घालता आत मटणाचं पाणी असतंच. फोनवर 'मी मांस, मासे, अंडं, मांसाचा रस्सा खात नाही' हे चिनीत लिहून ठेव आणि सरळ स्वयंपाक्याला दाखव. वस्तीत गोड म्हणून पर्सिमन या फळाची तळलेली टिक्की मिळते, नोव्हेंबर तिचाच हंगाम. डाळिंबाचा रसही ताजा असतो.

आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या. गरम पाणी कुठेही मिळतं, स्टेशनवर, गाडीत, संग्रहालयात. आईंना त्याचं फार कौतुक वाटेल बघ.

गोदाकाठ

@हळदीकुंकू, अगदी! मी पहिल्यांदा घरी फोनवर सांगितलं की इथे सगळे दिवसभर गरम पाणी पितात, तेव्हा आईचं चीनबद्दलचं मत त्या क्षणाला बदललं. चिनीत चिठ्ठी लिहून ठेवते. रश्शाचा मुद्दा फार महत्त्वाचा सांगितलात.

एक_पालक

विषय थोडा वेगळा, पण इथे चीनमध्ये शिकणारी मुलं दिसली म्हणून लिहितोय. आमचा मुलगा वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षात असताना जानेवारी २०२० मध्ये सुट्टीला घरी आला तो अडकलाच. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसा पुन्हा सुरू झाला ऑगस्ट २०२२ मध्ये. मधला सगळा काळ इथे बसून ऑनलाइन. प्रात्यक्षिकं नाहीत, हॉस्पिटल नाही. त्यात परदेशात वैद्यकीय शिकणाऱ्यांसाठी भारताच्या वैद्यकीय आयोगाची नोव्हेंबर २०२१ ची नवी नियमावली आली. आता जाणाऱ्यांनी ती नीट वाचावी. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि परत आल्यावर इथली परीक्षा. एजंट यातलं अर्धंच सांगतात. मुलगा आता मार्गी लागलाय, पण ती दोन वर्षं आम्ही घरातल्या घरात कशी काढली ते आमचं आम्हाला माहीत.

शेंगदाणा

काका, माझे वरच्या बॅचचे मित्र त्यातूनच गेले, त्यांच्याकडून ऐकलंय. कॉलेज निवडताना एजंटऐवजी तिथे शिकणाऱ्या मुलांशी बोलावं, एवढंच मी सगळ्यांना सांगतो. कुणाला विचारायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जमेल तितकं नक्की सांगेन.

कोरांटी

यावर खरंच वेगळा धागा हवा. एक_पालक, तुम्हीच काढा, खूप जणांना उपयोग होईल.

सोलापुरी

चीन आणि डॉक्टर म्हटल्यावर आमच्या गावचं नाव घेतल्याशिवाय पुढे कसं जायचं? डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१० सोलापूर. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक जपानविरुद्ध लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाठवलं, त्यात हे होते, आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. तिथेच कुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव 'यिनहुआ', म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. समाधी शिजियाझुआंगला आहे.

गोदाकाठ, शिआन ते बीजिंग वेगवान रेल्वेने जाणार असाल तर शिजियाझुआंग वाटेतच लागतं. उतरून हुतात्मा स्मशानभूमीत जाऊन या, ही कळकळीची विनंती. चिनी लोक चिंगमिंगच्या, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या, दिवशी तिथे फुलं वाहतात. आपल्या माणसाने तिथे उभं राहावं असं मला फार वाटतं. माझं अजून जाणं झालेलं नाही.

निळावंती

सोलापुरी, अंगावर काटा आला. +१००

तिखटमीठ

सोलापुरी, जाल तेव्हा सांगा, मी पण येतो. आपण इथूनच एक छोटा गट करू या का?

सोलापुरी

नक्की! कोलकाता ते ग्वांगचौ थेट विमानं २६ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली आहेत, त्यामुळे आता प्रवास सोपा झालाय.

शेंगदाणा

मूळ प्रश्नाकडे येतो, कामाच्या गोष्टी.

रोख पैशांवर विसंबू नका. वीचॅट आणि अलीपे दोन्हीवर २०२३ पासून परदेशी कार्ड जोडता येतं, ते भारतातूनच जोडून आणा आणि बँकेत आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. गूगलचं काही चालत नाही, नकाशासाठी गाओद किंवा बायदू. पासपोर्ट सतत अंगावर हवा. संग्रहालयाचं बुकिंग, रेल्वे, सगळं त्यावरच. शान्शी इतिहास संग्रहालयाची मोफत तिकिटं आधी आरक्षित करावी लागतात आणि भराभर संपतात. आई-बाबा हॉटेलात उतरले तर पोलिसांकडची नोंद हॉटेल करतं, पण घरात उतरवणार असशील तर २४ तासांत स्वतः नोंद करायची.

नोव्हेंबरात थंडी असते आणि शिआनचं सार्वजनिक हीटिंग १५ तारखेला सुरू होतं. त्याआधी येत असतील तर खोलीत गारठा असतो, स्वेटर जास्तीचे सांग. हवा खराब असते, मास्कही.

औंधकर

शेंगदाणाचा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवा कोणीतरी.

गोदाकाठ, एक मधला मार्ग सुचवतो. बाबा आणि तू सकाळी लवकर सैनिक बघायला जा, आई शहरात आराम करतील. दुपारी सगळे मिळून फिरा.

हळदीकुंकू

आणि आईंनी एकट्याने अनोळखी शहरात हॉटेलच्या खोलीत बसून राहायचं? नको हो औंधकर. इतक्या लांब त्या सैनिकांसाठी नाही, लेकीसाठी येतायत.

औंधकर

बरोबर आहे. मागे घेतो.

चिंचोके

तटबंदीवर आईंना सायकल जमणार नाही ना? वर बॅटरीवरच्या गाड्याही असतात असं वाचलंय.

गोदाकाठ

@चिंचोके, हो, असतात. दक्षिण दरवाजापासून थोडं अंतर त्या गाडीने जाऊन परत येऊ.

सगळ्यांचे मनापासून आभार. काल धागा बाबांना पाठवला. त्यांनी तो रात्रीत दोनदा वाचला आणि सकाळी फोन केला. म्हणाले, पुलकेशी मी किती वर्षं फळ्यावर लिहिलाय, मला आधी तो पुतळा दाखव. आईचं म्हणणं, दुपारी कुठेतरी पाठ टेकायला मिळावी, बाकी कुठेही न्या.

तर असं ठरतंय. सकाळी तटबंदी गाडीने. मग बेइलिन, पण फक्त ११४ शिळा आणि ठसे घेण्याचं दालन. दुपारी ल्यांगपी. मग श्याओयानताच्या आवारात आईला विश्रांती, दाशिंगशान आणि संध्याकाळी दायानता. मशीद आणि वस्ती यावेळी सोडते. औंधकर काका, सैनिकांसाठी तोडगा निघालाय. बीजिंगची गाडी आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळची करतोय, बीजिंगचा एक दिवस कमी. बाबाच म्हणाले, तिथला एक राजवाडा कमी बघू.

सोलापुरी, त्याच फेऱ्यात शिजियाझुआंग बसत नाहीये, पण मी हिवाळी सुट्टीत एकटी जाऊन येणार आहे. तिथले फोटो आणि सविस्तर माहिती या धाग्यावर टाकेन, तुमच्या गटाला उपयोगी पडेल.

सोलापुरी

ताई, तू लेकीसारखी आहेस, काय बोलू. जमलं तर आमच्या वतीनेही फुलं वाहा.

कोरांटी

गोदाकाठ, दुसऱ्या दिवशीच्या गाडीबद्दल: लिनटोंगहून (सैनिक आहेत तिथून) परत येऊन सामान घेऊन शिआन नॉर्थ स्टेशन गाठायचंय, हे अंतर मोठं आहे. सातनंतरची गाडी घे. आणि स्टेशनवर आपल्या पासपोर्टला स्वयंचलित फाटक चालेलच असं नाही, कडेच्या माणसाच्या खिडकीतून जावं लागतं, त्यासाठी वेळ हाताशी ठेव.

गोदाकाठ

बघितलं, सव्वासातची आहे. तीच काढते.